खडकवासल्याच्या वरचं रान

खडकवासल्याची दगडी भिंत पुरी होत आली होती त्याच सुमारास, १८७८ साली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने इंग्रज सरकारला एक अर्ज धाडला. अर्जात धरणाबद्दल काही नव्हतं. तो होता रानाबद्दल. जंगलाचा नवा कायदा कलकत्त्यात घाटत होता आणि त्यात गावकऱ्यांचे जंगलावरचे परंपरागत हक्क हक्क न राहता सरकारच्या मेहेरबानीने मिळणाऱ्या सवलती होणार होत्या. सभेचं म्हणणं साधं होतं. लोकांना रानातून हुसकून लावण्यापेक्षा त्यांना विश्वासात घ्या. ज्या गावाने आपलं रान राखलं, नवी झाडं लावली, त्याची कदर करा, त्याला बक्षीस द्या. म्हणजे गावागावांत रान राखण्याची चढाओढ लागेल आणि सरकारलाही पहाऱ्यावर एवढा खर्च करावा लागणार नाही.

सरकारने अर्ज दप्तरी दाखल केला आणि कायदा पास केला. पुढे १ जून १९९० रोजी दिल्लीच्या पर्यावरण व वन मंत्रालयाने सगळ्या राज्यांना एक परिपत्रक पाठवलं. लोकांच्या सहभागाशिवाय जंगल टिकणार नाही, सबब त्यांना सोबत घ्या आणि उत्पन्नात वाटा द्या, असा त्याचा आशय. सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या सभेने सांगितलेलंच सरकारला पटायला एकशे बारा वर्षं लागली. मधल्या काळात रानाचं काय झालं हे पाहायला पुणेकराला गडचिरोलीला जायची गरज नाही. नळाला येणाऱ्या पाण्याच्या मागे मागे चालत गेलं तरी पुरे.

हे पाणी येतं तीन खोऱ्यांतून. मुठेवर टेमघर, मोसे नदीवर वरसगाव, आंबी नदीवर पानशेत आणि या तिघींचं पाणी एकत्र येतं तिथे खडकवासला. चारही धरणांची साठवण मिळून २९.१५ टीएमसी. त्यात खडकवासल्याचा वाटा जेमतेम दोन टीएमसीचा, बाकी सगळं वरच्या तिघांत. या खोऱ्यांच्या माथ्यावर सह्याद्रीची मुख्य रांग आहे. पाऊस तिथे कोसळतो आणि पुण्यात येईतो रिमझिम उरतो. तेव्हा पुण्याचं पाणी म्हणजे वेल्हे (आताचा राजगड) आणि मुळशी तालुक्यांतल्या डोंगरांवर पडलेला पाऊस. तो डोंगरावर किती मुरणार आणि माती घेऊन किती खाली धावणार, हे तिथल्या झाडोऱ्यावर ठरतं.

ही गोष्ट इंग्रजांना ठाऊक नव्हती असं नाही. पुण्याजवळ दापोडीला सरकारी वनस्पती बाग होती. तिचा सुपरिंटेंडेंट अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश डॉक्टर १८४७ साली मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. डोंगर उघडे पडले की ओढे आटतात, हे तो वरिष्ठांना लिहून कळवत होता. पण त्याच्याच काळात आगगाडी आली. १८६३ साली बोरघाट ओलांडून पुणे-मुंबई गाडी सलग धावू लागली. रुळांखालच्या स्लीपरांना लाकूड हवं, पुण्याच्या आणि खडकीच्या छावण्यांना सरपण हवं. लाकूड हा साम्राज्याचा कच्चा माल झाला आणि जंगल खातं त्याचं कोठार. खात्याच्या जन्मातच दोन हेतूंची गल्लत होती, पाणी-माती राखायची आणि लाकूड मिळवायचं, आणि दोन्हींत आड येणारा म्हणून बोट दाखवलं गेलं ते डोंगरावरच्या कुणब्याकडे, धनगराकडे, कातकऱ्याकडे.

तो कुणबी रानाशी कसा वागत होता? इथे आज्ञापत्रातल्या, आंबा-फणस तोडू नका सांगणाऱ्या उताऱ्याचा दाखला देण्याची आपल्याकडे रीत आहे. तो उतारा इतक्या भाषणांत वापरून झाला आहे की त्याला थोडी विश्रांती द्यावी. राजाज्ञेपेक्षा मला शेतकऱ्याचा हिशेब जास्त बोलका वाटतो. मावळातल्या नाचणी-वरईला आणि भाताला राब लागतो. उन्हाळ्यात फांद्या, पाला, गवत, शेण रोपाच्या वाफ्यावर पसरून जाळायचं, की तण मरतं आणि राखेचं खत होतं. त्यासाठी दरवर्षी ऐनाच्या, किंजळाच्या फांद्या छाटाव्या लागत. झाड मुळापासून तोडलं तर पुढच्या वर्षी राब कुठून आणणार? म्हणून फांद्या उतरवायच्या आणि खोड ठेवायचं. आंबा आणि हिरडा यांना तर कोयता लागायचाच नाही, कारण एक पोटाला आणि दुसरा पैशाला. वाळलेला हिरडा कातडी कमावायच्या धंद्यासाठी व्यापारी घेऊन जात आणि मावळच्या माणसाच्या हातात रोकड येण्याचा तो मोठा मार्ग होता. डोंगरउतारावरची बरीच झाडं मालकीची होती, काही गायरानात होती, आणि एक तुकडा देवाचा होता. कुठून काय आणायचं, कुठे गुरं सोडायची नाहीत, हे गावाला पाठ होतं. याचा अर्थ गावकरी ऋषिमुनी होते असा नव्हे. ज्या रानावर पुढच्या वर्षीही आपलंच पोट चालणार, ते माणूस सहसा ओरबाडत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

१८७८च्या कायद्याने नेमकी ही खात्री काढून घेतली. जंगलाचे तीन वर्ग केले: राखीव, संरक्षित आणि ग्रामवन. राखीव करायच्या जंगलाची जाहिरात निघे आणि ज्याचा हक्क असेल त्याने मुदतीत अर्ज करून तो शाबीत करावा अशी तरतूद होती. घाटमाथ्यावरच्या निरक्षर धनगराने ही जाहिरात वाचावी, पुराव्यासह कचेरीत यावं आणि पिढ्यान्‌पिढ्या गुरं चारली याचा कागद दाखवावा, अशी अपेक्षा! खात्यातही याविषयी दुमत होतं. बेडन-पॉवेल नावाच्या अधिकाऱ्याचा आग्रह सरकारच्या निर्विवाद मालकीचा. हिंदुस्थानच्या जंगल खात्याचा पहिला प्रमुख डिट्रिच ब्रँडिस याला मात्र गावांनी स्वतः सांभाळायची जंगलं हवी होती. ब्रँडिसचा मान राखायला ‘ग्रामवन’ हा वर्ग कायद्यात राहिला, १९२७च्या कायद्यातही कलम २८ म्हणून उतरला, आणि बहुतेक ठिकाणी पुस्तकातच राहिला.

आता धरणाकडे येऊ. कर्नल फाइफ या इंजिनिअरने १८६०च्या दशकात मुठेच्या खोऱ्याची पाहणी केली होती. १८६९च्या सुमारास काम सुरू झालं आणि दहाएक वर्षांनी दीड किलोमीटरहून लांब दगडी भिंत उभी राहिली. मागच्या तलावाला ‘लेक फाइफ’ असं नाव पडलं. या धरणाच्या बांधकामाला साहित्य पुरवणाऱ्या ठेकेदारांत एक होते जोतीराव फुले. समाजसुधारक फुले आपल्याला माहीत असतात, कंत्राटदार फुले तेवढे नसतात. पण हा माणूस १८७०च्या दशकात खडकवासल्याच्या कामावर होता, त्याचा गवंड्यांशी, पाथरवटांशी, बैलगाडीवाल्यांशी रोजचा संबंध होता, आणि तलावाच्या वरचे डोंगर त्याच्या डोळ्यांसमोर होते.

ते डोळे १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये दिसतात. पूर्वी डोंगरटेकड्यांवरचा पालापाचोळा, फुलं, मेलेल्या जनावरांचा अंश कुजून पावसाच्या पाण्याबरोबर शेतात उतरायचा आणि शेताला आपोआप खत मिळायचं, हे फुल्यांनी त्यात सांगितलं आहे. आजच्या पर्यावरणाच्या पुस्तकात ज्याला पोषणद्रव्यांचं चक्र म्हणतात, ते एका माळ्याच्या मुलाने शेताच्या बांधावरून पाहिलेलं होतं. पुढे त्यांचा रोख जंगल खात्याकडे वळतो. गोऱ्या कामगारांनी डोंगर, दऱ्या आणि गावची गायरानंसुद्धा जंगलात घातली आणि गरीब शेतकऱ्याच्या शेळीला तोंड घालायला जागा ठेवली नाही, हा त्यांचा आरोप. उपायही त्यांनी दिले: उतारावर जागोजागी ताली-बंधारे घाला, म्हणजे पाणी मुरत मुरत शेतात येईल, त्या कामाला पलटणीतले शिपाई आणि पोलीस लावा, आणि गावांची गायरानं गावांना परत करा. जंगल खात्याविषयी त्यांनी जी भाषा वापरली, ती वापरायला आजच्या आंदोलनातला माणूसही दोनदा विचार करेल. ग्रंथातला काही भाग ‘दीनबंधू’त छापून आला आणि पुढचा छापायला ते पत्रही कचरलं, यात नवल नाही.

सार्वजनिक सभा आणि फुले यांचं फारसं जमत नसे. सभा ब्राह्मणांची म्हणून फुल्यांनी तिच्यावर कोरडे ओढले आहेत. जवळपास कुठल्याच प्रश्नावर ज्यांचं एकमत होत नव्हतं, अशी एकाच शहरातली ही दोन टोकं पाच वर्षांच्या अंतराने रानाच्या बाबतीत एकाच जागी आली, ही मला त्या काळाच्या पुण्यातली फार मोलाची गोष्ट वाटते. गावाचं रान गावाकडे राहू द्या, असं दोघांनीही सांगितलं. ते दोघांचंही कुणी ऐकलं नाही.

त्यानंतरचा अर्धशतकाचा काळ दंडाचा, कोंडवाड्याचा आणि जंगल रखवालदाराच्या कोंबडीचा. ठाणे-कुलाब्यात राबाच्या प्रश्नावर इतकी ओरड झाली की १८८५ साली मुंबई सरकारला जंगल कमिशन नेमावं लागलं. १९३० साली समुद्र नसलेल्या मुलुखात मिठाचा सत्याग्रह कसा करायचा, या प्रश्नाला उत्तर म्हणून जंगल सत्याग्रह आला आणि लोक त्यावर तुटून पडले. १० जुलैला पुसदला लोकनायक बापूजी अण्यांनी गवत कापून कायदा मोडला. बागलाण, संगमनेर, बिळाशी अशा किती जागा सांगाव्यात. २५ सप्टेंबरला उरणजवळ चिरनेरला गोळीबार झाला आणि माणसं मेली. गवताच्या पेंढीसाठी माणसं तुरुंगात का जातात, हे शहरी पुढाऱ्यांना तेव्हा कळलं. स्वराज्य आल्यावर ते विसरायलाही वेळ लागला नाही. कायदा १९२७चाच राहिला, खातं तेच राहिलं, टोपी तेवढी बदलली.

खडकवासल्याच्या खोऱ्यात स्वराज्याच्या पहिल्या दोन दशकांत दोन मोठ्या गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. ६ ऑक्टोबर १९४९ला पंडित नेहरूंनी पायाभरणी केली आणि १९५५च्या जानेवारीत उद्घाटन झालं. मुंबई सरकारने दिलेली हजारो एकर जमीन कुंपणात गेली. आज तलावाच्या उत्तरेला नजर टाकली तर एका बाजूला इमारतींची गर्दी आणि शेजारी गर्द झाडी दिसते. ती झाडी प्रबोधिनीची. बंदूकधारी पहारा असला की जंगल राहतं, हे तिथे सिद्ध झालं आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण दर डोंगराला पलटण पुरवणारा देश अजून व्हायचा आहे.

दुसरी गोष्ट पानशेत. १९५०च्या दशकाच्या अखेरीस आंबी खोऱ्यात मातीच्या धरणाचं काम सुरू झालं. १२ जुलै १९६१ला ते फुटलं. ती तारीख म्हटली की पुणेकराला शनिवार-नारायण पेठेतला पूर आठवतो, लकडी पुलावरचं पाणी आठवतं, खडकवासल्याची भिंतही फुटल्याचं आठवतं. साठ वर्षांत त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. धरणाच्या वरच्या बाजूला काय घडलं, हे मात्र क्वचित कुणी विचारतं. तिथला पूर पाण्याचा नव्हता आणि तो एका दिवसात ओसरलाही नाही.

ही हकीकत नोंदवून ठेवली ती परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी. १९७०च्या दशकात ते या डोंगरांत पायी हिंडले आणि डोंगर, धरणं, जंगल यांच्या नात्यावर १९७९ साली त्यांनी एक शोधनिबंध लिहिला. त्यांना दिसलेलं चित्र असं. खोऱ्याच्या तळाची भातखाचरं, म्हणजे गावाची सगळ्यात कसदार जमीन, पाण्याखाली गेली. काही कुटुंबं पूर्वेकडच्या सपाटीवर गेली. बाकीच्यांना गाव सोडवेना, ती डोंगरावर वर सरकली आणि तीव्र उतारावर नाचणी-वरई पेरू लागली. जिथे एरवी काही वर्षं रान पडीक ठेवून मग नांगर धरायचा, तिथे वरचेवर धरावा लागला. आणि धरणासाठी रस्ता झाला. त्या रस्त्याने सिमेंट आलं, मुकादम आले आणि पाठोपाठ कोळशाचे व्यापारी आले.

तोवर या खोऱ्यातून लाकूड बाहेर काढणंच अवघड होतं. डोक्यावरून किंवा बैलावरून किती नेणार? ट्रक आल्यावर हिशेब पालटला. ज्याची खाचरं बुडाली, ज्याला उद्या इथे राहायला मिळेल की नाही ठाऊक नाही, त्याच्यापुढे रोख पैसे घेऊन माणूस उभा राहिला आणि आजोबाने राखलेले आंबे-हिरडे किरकोळ भावात उभ्या उभ्या विकले गेले. कोळशाची भट्टी लावण्याचं काम बहुतेक कातकऱ्यांच्या वाट्याला येई. लाकडं रचायची, वर पालापाचोळा आणि चिखलमाती लिंपायची, आत धुमसत ठेवायचं, धूर कुठून किती येतो त्यावर लक्ष ठेवत रात्री जागायच्या, आणि मुकादमाची उचल फेडायची. कोळसा जाई शहरात. इस्त्रीत, हॉटेलच्या शेगडीत, बंबात. ज्या पुण्याला पाणी हवं होतं म्हणून धरण आलं, त्याच पुण्याने धरणावरचं रान बंबात घातलं. पुणेकराला हे ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घेण्याची त्याला गरजही पडली नाही.

दोष द्यायचाच तर तो झाडं विकणाऱ्याला देता येत नाही. कैक पिढ्या ज्याने झाडाला हात लावला नाही तो माणूस एकाएकी लोभी झाला, असं कसं म्हणावं? बदलली ती त्याची खात्री. उद्या हे रान आपलं नाही असं कळलं की त्याचे आज पैसे करणं हाच शहाणपणा. १८७८ साली कायद्याने जे केलं, तेच १९५७ नंतर धरणाने केलं, फरक इतकाच की या वेळी बुलडोझर आपल्याच लोकांचा होता.

मग वाचलं काय? देवराया वाचल्या. गाडगीळ आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक या दोघांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या देवरायांची पाहणी केली. १९७६ साली त्यांचा निबंध आला आणि पुढे गावोगावच्या देवरायांची यादी. त्याआधी बहुतेक शास्त्रज्ञांच्या लेखी देवराई ही लोकांच्या अंधश्रद्धेची बाब होती. या दोघांनी दाखवलं की उजाड डोंगरावरचा तो हिरवा ठिपका म्हणजे इथे मूळचं रान कसं होतं याचा उरलेला पुरावा आहे.

देवराईत शिरलं की आधी फरक कळतो तो पायाला. बाहेर मुरूम आणि वाळलं गवत, आत पाचोळ्याचा थर, त्याच्याखाली काळी ओलसर माती. खाली वाकून पाचोळा बाजूला केला तर अर्ध्या कुजलेल्या पानाच्या नुसत्या शिरा हाती येतात. वर बघावं तर गारंबीचा वेल, खोड माणसाच्या मांडीएवढं, आणि त्याला हातभर लांबीच्या शेंगा. देऊळ म्हणजे शेंदूर फासलेला तांदळा आणि चार वीरगळ. जवळ कुठेतरी झरा असतोच, बहुधा देवराईच्या खालच्या अंगाला, आणि तो एप्रिल-मेपर्यंत वाहतो. नियम एकच. इथली वाळकी काटकीही घरी न्यायची नाही. नेली तर देवीचा कोप. हा नियम कुठल्या सरकारी राजपत्रात नव्हता, त्याला पगारी रखवालदार नव्हता. पानशेतच्या मागे शिरकोलीला शिरकाईचं ठाणं आहे, मावळात ठिकठिकाणी वाघजाई, जननी, काळूबाई, भैरोबा आहेत. भोवतालचे मालकीचे डोंगर कोळशाला गेले तेव्हाही यांच्यातल्या पुष्कळ रायांवर कुऱ्हाड चालली नाही.

मात्र देवरायांचं कौतुक करताना आपण जरा हात आखडता घ्यावा. एक तर त्या लहान आहेत, काही गुंठ्यांच्या, फार तर काही एकरांच्या. त्यांच्यावर तीन खोऱ्यांचं पाणी तोलता येत नाही. दुसरं, भीतीवर उभी राहिलेली राखण भीतीबरोबर जाते. आता देवराईला धोका व्यापाऱ्याचा कमी आणि जीर्णोद्धाराचा जास्त. मुंबई-पुण्याला नोकरीला गेलेली मंडळी वर्गणी काढतात, तांदळ्यावर काँक्रीटचा सभामंडप चढतो, गाडी थेट गाभाऱ्यापाशी यावी म्हणून रस्ता होतो, आणि त्याच्या खर्चासाठी दोन जुनी झाडं जातात. देवीला कौल लावून हे सगळं रीतसर होतं. देवी अलीकडे फारच समजूतदार झाली आहे!

१९९०च्या परिपत्रकानंतर महाराष्ट्राने १६ मार्च १९९२ला आपला शासननिर्णय काढला आणि संयुक्त वनव्यवस्थापन आलं. गावाची समिती, तिच्यात गावचे लोक, सचिव मात्र वनखात्याचा कर्मचारी. गावाने रान राखायचं, वणवा विझवायचा, चोरटी तोड थांबवायची, बदल्यात गवत, सरपण आणि उत्पन्नात वाटा. २००६ नंतर संत तुकाराम वनग्राम योजनेने चांगल्या समित्यांना बक्षिसं सुरू केली. सार्वजनिक सभेने मागितलेलं बक्षीस ते हेच, आणि त्याला नाव मिळालं ते वृक्षवल्लींशी सोयरीक सांगणाऱ्या पुणे जिल्ह्याच्याच संताचं. राज्यात बारा हजारांहून जास्त गावांत अशा समित्या झाल्या. कितीतरी ठिकाणी त्या फलकावर आणि फायलीतच आहेत.

खडकवासल्याच्या दाराशी असलेली समिती मात्र पुणेकराने स्वतः पाहिलेली असते, फक्त ती वनव्यवस्थापन समिती आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही. रविवारी सकाळी डोणजे ओलांडून सिंहगडाच्या घाटाला लागलं की गोळेवाडीला नाका लागतो. एक पोरगा पुढे येऊन पावती फाडतो. मागचे हॉर्न वाजवतात, कुणी सुट्ट्यावरून हुज्जत घालतो, कुणी आपण कुठल्या साहेबांचे पाहुणे ते सांगतो. ती पावती घेरा सिंहगडच्या संयुक्त वनव्यवस्थापन समितीची. कोंढणपूरच्या बाजूनेही असाच नाका आहे. या पैशातून आसपासच्या वाड्यांतल्या पोरांना काम मिळतं, घाटात आणि गडावर वाहनांची शिस्त, साफसफाई, उन्हाळ्यात आग अडवणाऱ्या जाळरेषा काढणं आणि वणव्यावर धावून जाणं ही कामं होतात. गडावर दही, पिठलं-भाकरी, कांदाभजी विकणाऱ्या बाया-बापड्यांचीही हीच गावं. हिशेबावरून, अतिक्रमणावरून, वाहतुकीच्या कोंडीवरून त्या समितीवर टीका होते आणि ती व्हायलाच हवी. तरीही डोंगराच्या वापराचे पैसे डोंगराखालच्या लोकांच्या हाती पडतात, अशी पुणे शहराच्या आसपास दिसणारी ही ठळक जागा.

पण उणीव कुठे आहे तेही सांगितलं पाहिजे. या व्यवस्थेत गाव रखवालदार आहे, मालक नाही. सचिव खात्याचा, आराखडा खात्याचा, आणि खात्याच्या मनात आलं तर समिती बरखास्त. २००६च्या वनहक्क कायद्याने हे उलटं केलं. त्यात गावाला सामूहिक वनहक्क मिळतो आणि राखण्याचा अधिकार ग्रामसभेचा असतो. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली १८०९ हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्याभोवती उभ्या राहिलेल्या त्या गावाला आपला बांबू आपण विकण्यासाठी मात्र आणखी भांडावं लागलं. २७ एप्रिल २०११ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि बांबूच्या वाहतुकीच्या परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हवाली झालं. “दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार” ही त्या गावची घोषणा. आंबी-मोसे खोऱ्यात असं काही घडल्याचं ऐकिवात नाही. इथली अडचण वेगळी आहे. डोंगर बऱ्याच अंशी मालकीचे आहेत, आणि जमिनीला भाव आला आहे.

कोळशाच्या व्यापाऱ्याच्या जागी प्लॉटवाला आला, एवढा एकच बदल झाला म्हणायचा. मोसे खोऱ्यात वरसगावच्या पाण्याकाठी लवासाचं शहर उठलं. २०१०च्या नोव्हेंबरात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ते काम थांबवण्याची नोटीस दिली तोवर डोंगर कापून झाला होता. ते मोठं प्रकरण, म्हणून गाजलं. पानशेत रस्त्याने जाताना दिसणारे ‘लेक व्ह्यू’चे फलक गाजत नाहीत. उताराला जेसीबी लागतो, टप्पे पाडले जातात, पहिल्याच पावसात लाल माती ओढ्यातून तलावात येते. खडकवासल्याचा तलाव गाळाने उथळ होत गेला. निवृत्त कर्नल सुरेश पाटील यांच्या ग्रीन थंब संस्थेने गेल्या दशकात लोकांना आणि कंपन्यांना सोबत घेऊन काठचा गाळ उपसला, तिथे झाडं लावली. काम मोलाचं आहे. पण गाळ जिथून येतो ते दार उघडं ठेवून अंगण किती झाडणार?

शहर स्वतःच्या दारात लोकांचं जंगल करू शकतं हे वारज्याने दाखवलं. खडकवासल्याला जाताना लागणाऱ्या त्या टेकडीवर वनखातं, संस्था आणि नागरिक यांनी मिळून ओसाड वनजमीन हिरवी केली, आणि ५ जून २०२०ला केंद्र सरकारने २०० शहरांसाठी ‘नगर वन’ योजना जाहीर केली तेव्हा वारज्याचं उदाहरण पुढे ठेवलं. पुढच्या वर्षी, ३० जून २०२१ला, खडकवासला गावच पुणे महापालिकेत आलं. आता धरणाची भिंत शहरात आहे आणि रान अजून वेल्ह्या-मुळशीत.

तेव्हा पुणेकरांना, आणि त्यांच्या महापालिकेला, एक सुचवावंसं वाटतं. धरणातल्या पाण्याचे पैसे महापालिका जलसंपदा खात्याकडे भरते. त्याच पाण्याच्या बिलात पाणलोटातल्या ग्रामसभांचा एक ठरलेला वाटा धरा, आणि तो झाडं लावण्याच्या समारंभांना न देता उभी झाडं न तोडल्याबद्दल द्या. मालकीच्या डोंगरावर आंबा-हिरडा राखणाऱ्या शेतकऱ्याला दरसाल, देवराई राखणाऱ्या गावाला दरसाल, जाळरेषा काढणाऱ्या वाडीला दरसाल. सरकारी रानापुरतं कलम २८ वापरून ग्रामवन जाहीर करायला नवा कायदा लागत नाही, जुनाच उघडून वाचावा लागतो. गोळेवाडीच्या नाक्यावर गाडीमागे पैसे देताना आपण खळखळ करतो. पाण्यासाठी याहून कितीतरी कमी पैसे पडतील. येत्या अंदाजपत्रकाच्या वेळी आपापल्या प्रभागातल्या प्रतिनिधीला एवढं एक विचारून पाहा.